पाळीच्या दुखण्यावरच्या गोळ्या : कोणती, कधी, किती?

सातवीण (धागाकर्ती)

व्यायामाच्या धाग्यावर गोळ्यांचा विषय निघाला आणि मूळ विषय पार बाजूला पडला, म्हणून हा वेगळा धागा. तिथे एकीने लिहिलं होतं, "अगदीच असह्य झालं की मग घेते, तीही अर्धीच." त्याखाली लगोलग "मीसुद्धा", "सेम" असे प्रतिसाद पडले. दुसऱ्या टोकाला एक आयडी म्हणाली की तिच्या पर्समध्ये तीन वेगवेगळ्या गोळ्या असतात, एकीने नाही भागलं की दुसरी. मला दोन्हींची काळजी वाटली. एकीकडे उगाच सोसणं, दुसरीकडे पोटाची आणि किडनीची वाट लावायची सोय.

मी डॉक्टर नाही. दुखण्याशी जुनी ओळख आहे आणि वाचायची खोड आहे, एवढंच. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आधी दुखतं का ते, कारण गोळीची वेळ त्यावरच ठरते. पाळीच्या तोंडावर शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार व्हायला लागतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला आवळायला लावतात. इतकं की मधूनमधून त्या स्नायूलाच रक्त पुरेसं मिळत नाही, आणि कळ येते ती त्यामुळे. हीच रसायनं रक्तात उतरली की मळमळ, पातळ शौचाला होणं, डोकं धरणं. पोटात कळा आणि पातळ शौचाला होणं या दोन्ही भानगडी एकाच दिवशी का उपटतात याचं उत्तर मला हे वाचल्यावर मिळालं.

१९७१ साली जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. १९८२च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफेनॅक ही सगळी त्याच कुळातली. आता "तयार होणं रोखतात" हे शब्द नीट बघा. जे आधीच तयार होऊन बसलंय त्याचं गोळी काही करू शकत नाही. म्हणजे असह्य होईपर्यंत थांबलं, की गोळीचं निम्मं काम आपणच हुकवतो.

डोस, अंतर, कोणी घेऊ नये, यावर इथल्या औषधवाल्या मंडळींनी लिहावं. खलबत्ता, तुझं नाव घेऊन हाक मारतेय.

टिंबटिंब

ती अर्धी गोळीवाली मीच. धागा काढलास ते बरं केलंस. मला भीती असते ती सवयीची. आत्ता अर्धीवर भागतंय, उद्या एक लागेल, मग दोन. आणि म्हातारपणी खरंच गरज पडेल तेव्हा कुठलीच गोळी लागू पडायची नाही.

खलबत्ता

सातवीण, हाक पोचली. औषधांच्या काउंटरमागे उभं राहून बरीच वर्षं झाली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

टिंबटिंब, सवय लागते ती कोडीन, ट्रॅमाडॉल या अफूच्या जातकुळीतल्या औषधांची. आयब्युप्रोफेन-नॅप्रोक्सेनची नाही लागत. महिन्याकाठी दोन-तीन दिवस घेतल्याने पुढच्या खेपेला जास्त लागेल असंही नाही. फक्त काही वेदनाशामकांत कोडीन मिसळलेलं असतं, म्हणून घटक वाचून घ्या.

अर्धी गोळी म्हणजे धोका अर्धा, असा हिशेब करू नकोस. पुरेसा डोस पोटात गेला नाही तर आराम पडत नाही, मग दोन तासांनी उरलेली अर्धी, मग वैतागून अजून एक. शेवटी औषध जातंच, फक्त उशिरा आणि वेळेचा ताळमेळ न राहता.

मोठ्या माणसाला डॉक्टरला न विचारता घेण्याजोगा आयब्युप्रोफेनचा डोस एका वेळेला २०० ते ४०० मिलिग्रॅम. पुढचा साधारण सहा ते आठ तासांनी. २४ तासांत एकूण १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. डॉक्टर कधी कधी याहून जास्त देतात, पण ते बघून-तपासून देतात. पाळी सुरू झाली किंवा पहिली कळ जाणवली की पहिली गोळी, आणि मग पहिले दोन दिवस, फार तर तीन, ठरल्या वेळेला. दुखणं पुन्हा चढायची वाट बघायची नाही. दुखायचं थांबलं की गोळीही थांबवायची, पाकीट संपवायचंच असा काही नियम नाही. हे अँटिबायोटिक नव्हे.

नॅप्रोक्सेन वेगळ्या चालीचं आहे. आयब्युप्रोफेन शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण दोन तास लागतात, नॅप्रोक्सेनला १२ ते १७. म्हणून ते कमी वेळा घ्यावं लागतं, रात्रीची झोप मोडत नाही. पण त्याच कारणाने आयब्युप्रोफेनचं वेळापत्रक त्याला लावायचं नाही. त्याच्या गोळ्यांची ताकदही सगळीकडे सारखी नसते, २२० आणि २५० दोन्ही दिसतात, तेव्हा पाकिटावरचा आकडा आणि पाकिटावरचीच मर्यादा धरा.

एक बारीकशी गोष्ट, पण मी रोज सांगते. गोळ्यांची पट्टी ज्या टोकाला मुदतीची तारीख छापलेली असते त्याच्या उलट टोकाकडून फोडायला लागा. नाहीतर शेवटच्या दोन गोळ्या उरतात तेव्हा नावही गेलेलं असतं आणि तारीखही, आणि मग मंडळी "ती पांढरी लांबट गोळी" मागत येतात. पांढऱ्या लांबट गोळ्या काय कमी आहेत?

गुलबक्षी

आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो. दुखायचं, दुखू द्यायचो, कामं चालूच. आता ऊठसूट गोळी. शिवाय गोळीने पाळीचं रक्त आत साचून राहतं आणि पुढे मूल व्हायला त्रास होतो असं कायम ऐकत आले. राग मानू नका, मनात आलं ते लिहिलं.

सातवीण

काकू, राग कसला! पण दाढ ठणकली तर आपण निसर्गाचं देणं म्हणून बसून राहत नाही ना.

रक्त साचण्याचं म्हणाल तर ते तसं होत नाही. या गोळ्यांनी रक्तस्राव थोडा कमी होतो हे खरं, कारण प्रोस्टाग्लँडिन कमी झाली की मुळात रक्त कमी जातं. तयार झालेलं रक्त आत अडकून बसत नाही. फार अंगावर जातं तेव्हा डॉक्टर मेफेनॅमिक ॲसिड देतात ते याचसाठी. मूल होण्याबद्दल कुणी जाणकार लिहील.

पसारा

तीन गोळ्यांची पर्स माझी. आत्ता उघडून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलीत आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. दुसरीत डायक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल ५००. तिसरीत मेफेनॅमिक ॲसिड २५० आणि डायसायक्लोमिन १०. तिन्ही वेगवेगळ्या आहेत की. एकीने तासाभरात फरक नाही पडला तर दुसरी घ्यायची, यात एवढं बिचकायचं काय?

खलबत्ता

पसारा, अक्षरं वाचलीस हे फार बरं झालं, कारण उत्तर त्या अक्षरांतच आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि मेफेनॅमिक ही एकाच कुळातली. एकीवर दुसरी चढवली की आराम काही दुप्पट होत नाही. जठराच्या अस्तराची झीज आणि किडनीवरचा ताण मात्र वाढतो. त्यांतली एका वेळी एकच.

दुसरी गोम पॅरासिटामॉलची. तुझ्या दोन गोळ्यांत ते लपलेलं आहे, ३२५ आणि ५००. त्यात त्याच आठवड्यात सर्दी झाली आणि सर्दीची गोळी घेतली, तर तिच्यातही बहुतेक ५०० असतं. झाले १३२५. दिवसातून चारदा म्हटलं तर ५३००. मोठ्या माणसाची कमाल मर्यादा २४ तासांत ४००० मिलिग्रॅम, आणि वजन ५० किलोच्या खाली असेल, दारू नेहमीची असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर त्याहूनही कमी. लिव्हर बिघडलं तर पहिल्या दिवशी काही जाणवतही नाही, ही त्यातली वाईट गोष्ट.

नुसतं आयब्युप्रोफेन आणि नुसतं पॅरासिटामॉल ही जोडी मात्र चालते, कारण दोघांचा मार्ग वेगळा. एकट्या आयब्युप्रोफेनने पुरं पडत नसेल तर मध्ये पॅरासिटामॉल ५०० ते १००० घेता येतं, त्याच्या स्वतःच्या दोन डोसांत किमान चार तास ठेवून. पाळीच्या दुखण्यावर एकटं पॅरासिटामॉल या कुळापेक्षा कमी पडतं, पण ज्यांना ते कुळ चालतच नाही त्यांना तोच आधार.

डायसायक्लोमिन हे वेदनाशामक नाही. ते आवळलेला स्नायू सैल करायचं औषध आहे, आणि पाळीच्या दुखण्यात त्याचा किती उपयोग होतो याचे पुरावे इतरांच्या मानाने तोकडे. त्याने तोंडाला कोरड पडते, झोप येते, नजर धूसर होते. ते घेऊन गाडी चालवू नका. आणि मेफेनॅमिक ॲसिड बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे. क्वचित कुणाला त्याची जोराची रिॲक्शन येते, सुरू केल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा: अंगभर पुरळ, ताप, गाठी सुजणं. तसं झालं तर गोळी बंद आणि सरळ डॉक्टर.

पसारा

एकच कूळ! तीन पाकिटं, तीन रंग, तीन किमती. बरं, ट्रानेक्झामिक ॲसिड असं लिहिलेली चौथी पण आहे. ती पण याच खानदानातली का?

खलबत्ता

नाही, ती वेदनाशामकच नाही. ती रक्तस्राव कमी करायची. मेफेनॅमिकबरोबर एकत्र करून दिली जाते म्हणून गल्लत होते. रक्ताच्या गाठी होण्याचा इतिहास असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ती मनाने घ्यायची नाही. आणि पाकिटावरच्या बिरुदांवर जाऊ नकोस. "पाळीसाठी खास", "पाठीसाठी खास", "डोकेदुखीसाठी खास" अशा तीन डब्यांत एकच आयब्युप्रोफेन असू शकतं.

मधलीसुट्टी

मुलगी तेरा वर्षांची. पहिल्या दिवशी शाळेत रडवेली होते. तिला आमच्यासारखी गोळी चालते का? ॲस्पिरिन घरात आहे, ते देऊ का?

रानहळद

मी स्त्रीरोग विभागात काम करते. मधलीसुट्टी, ॲस्पिरिन अजिबात नको. सोळा वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत, राय सिंड्रोम हा मेंदूला आणि लिव्हरला इजा करणारा, क्वचित पण गंभीर आजार होऊ शकतो म्हणून. पाळीसाठी तसंही ते कामाचं नाही, रक्तस्राव वाढू शकतो.

आयब्युप्रोफेन बारा वर्षांपुढे चालतं, दम्याचा किंवा पोटाचा त्रास नसेल तर. पाकिटावर त्या वयासाठी दिलेला डोस बघायचा. मुलगी अंगाने बारीक असेल तर एकदा वजन सांगून विचारून घ्या. नॅप्रोक्सेन पुष्कळ ठिकाणी पंधराच्या आत स्वतःहून द्यायचं नसतं. पाळी घरी सुरू झाली असेल तर खाऊन, गोळी घेऊन शाळेत पाठवा. शाळेत गोळी द्यायची झाली तर कुणाकडे ठेवायची ते शाळेला विचारा. आणि तिला गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ लिहायची सवय लावा. मैत्रिणी एकमेकींना गोळ्या देतात, चांगल्या मनाने देतात, पण तिने सकाळी काय घेतलंय हे मैत्रिणीला माहीत नसतं.

एवढं करून दोन-तीन पाळ्यांत शाळा बुडणं थांबलं नाही, तर तिला दाखवायला आणा. "लग्न झालं की बरं होईल" हे उत्तर कुणी दिलं तर दुसरा डॉक्टर गाठा.

निशिगंध

मला दमा आहे. एकदा अशीच एक गोळी घेतल्यावर छाती भरून आली होती. आता काय घ्यायचं?

रानहळद

निशिगंध, तुम्ही हे कूळ पूर्ण टाळा, ॲस्पिरिनसकट, आणि ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरला, दंतवैद्यालासुद्धा, आपणहून सांगत जा. तुमच्यासाठी पॅरासिटामॉल आणि शेक, आणि तेवढ्याने भागत नसेल तर हार्मोनच्या उपायांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलणं. दमा असलेल्या प्रत्येकीला हे होतं असं नाही. पुष्कळ जणींना काही होत नाही. पण ज्यांना होतं त्यांना जोरात होतं. नाकात पॉलिप, म्हणजे मऊ मांसल वाढ, असेल तर जास्त जपून.

हाच धागा पकडून सांगते. अल्सर झालेला असेल, किडनीचा आजार असेल, हार्ट फेल्युअर असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, तर विचारल्याशिवाय या गोळ्या नकोत. रक्त पातळ करायचं औषध, स्टेरॉइड, लिथियम, मेथोट्रेक्सेट चालू असेल तरी तेच. नैराश्यावरच्या काही गोळ्या, म्हणजे सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन वगैरे, यांच्याबरोबर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. हे फार जणींना कुणी सांगतच नाही, कारण एक गोळी मानसोपचारवाले देतात आणि दुसरी आपण मनाने घेतो. आणि डेंग्यूची शंका असलेला ताप असेल तेव्हा पाळी आली, तर आयब्युप्रोफेन नाही, पॅरासिटामॉलच.

गुलबक्षी

माझ्या धाकट्या बहिणीची पाळी अजून चालू आहे आणि तिला बीपीच्या दोन गोळ्या आहेत, त्यातली एक लघवी जास्त होण्याची. ती पाळीत सर्रास काहीतरी घेते. हे बरं नाही का मग?

रानहळद

काकू, तिला नक्की विचारायला सांगा. लघवीची गोळी, त्याबरोबर रामिप्रिल किंवा लोसार्टनच्या गटातली बीपीची गोळी आणि वरून आयब्युप्रोफेन, या तिघांची गाठ पडली की किडनीला एकदम धक्का बसू शकतो. त्यात उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर जास्तच. शिवाय या कुळाने बीपी वाढतं ते निराळं. तोवर पॅरासिटामॉल.

कवडसा

मला पहिल्या दिवशी काही खाववतच नाही, पाहिलं तरी मळमळतं. रिकाम्या पोटी गोळी घेतली तर भोक पडतं म्हणतात. मग मी जेवण जाईपर्यंत थांबते, आणि तोवर दुखणं हाताबाहेर.

खलबत्ता

खाऊन घ्या असंच आम्ही सांगतो, पाकिटावरही तेच छापलेलं असतं. दोन घास तरी खा, नाहीच तर कपभर दूध.

रानहळद

खलबत्ता, इथे मी थोडी वेगळी बोलते. गोळी जठराला आतून टोचते म्हणून इजा होते, असं नाही. निदान तेवढंच नाही. जठराच्या अस्तराचं रक्षणही एका प्रकारची प्रोस्टाग्लँडिनच करतात, आणि गोळी रक्तातून जाऊन तीही कमी करते. म्हणूनच इंजेक्शन घेतलं म्हणजे पोट वाचलं हा समज खोटा. अन्नाने गोळी शोषली जायला उशीर होतो, त्याने मळमळ कमी वाटते, पण अल्सरपासून ढाल मिळते असा भक्कम पुरावा नाही. एरवी तब्येत ठणठणीत असलेल्या तरुण बाईने पहिला डोस रिकाम्या पोटी घेतला तर आभाळ कोसळत नाही. कवडसाने जेवणासाठी तीन तास थांबण्यापेक्षा दोन बिस्किटांवर गोळी घेतलेली मला चालेल. आधी ॲसिडिटी-अल्सरचा इतिहास असेल तर हे लागू नाही.

पेलाभर पाणी मात्र हवंच, आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेच जखम करते. पोट धरून अंथरुणात घोटभर पाण्याने गोळी गिळणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा.

खलबत्ता

मान्य. फक्त काउंटरवर मला समोरच्या बाईचा अल्सर दिसत नाही, म्हणून मी "खाऊन घ्या" म्हणतच राहणार.

कवडसा

दोघींचे आभार. आणि गोळी घेतली आणि उलटी झाली तर?

खलबत्ता

उलटीत गोळी अख्खी दिसली तर पोट शांत झाल्यावर पुन्हा घेता येते. दिसली नाही तर ती गेली असंच धरायचं आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. उलट्या थांबतच नसतील, लघवी कमी झाली असेल, तर हे कूळ त्या दिवसापुरतं बाजूला ठेव.

अळवावरचं_पाणी

शेकाबद्दल कुणीच धड लिहिलं नाही, म्हणून लिहिते. २००१ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. पोटावर तासन् तास साधारण ३९ अंश सेल्सिअसची मंद ऊब देणारा पट्टा एकीकडे आणि आयब्युप्रोफेन ४०० दुसरीकडे. पट्टा गोळीच्या तोडीस तोड ठरला, आणि दोन्ही एकत्र केल्यावर आराम लवकर पडला. ३९ म्हणजे कोमट हां. आमच्याकडे शेक म्हणजे कातडी लाल होईपर्यंत, ते नाही करायचं. रोज भाजून भाजून पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेले मी स्वतः पाहिलेत, आणि ते लवकर जात नाहीत.

मोगरी

आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. यात गोळ्या घ्यायच्या की नाही? आणि काकूंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच आहे.

रानहळद

हो, राहिलं होतं. पाळीच्या दिवसांत गोळ्या घेतल्याने कायमचं वंध्यत्व येतं याला आधार नाही. मात्र बीज फुटण्याच्या दिवसांत हे कूळ नेटाने घेतलं तर बीज बाहेर पडायला अडथळा येऊ शकतो, औषध थांबवल्यावर तो जातो. म्हणून मूल हवं असेल तर महिन्याच्या मध्यावर पाठदुखी-डोकेदुखीसाठी ही गोळी टाळा.

दुसरं असं, की प्रयत्न चालू असताना "पाळी" उशिरा आली, कमी आली, वेगळी वाटली, तर आधी गरोदरपणाची चाचणी करा. गरोदरपणात विचारल्याशिवाय ही औषधं नकोत. विशाव्या आठवड्यापासून पुढे तर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० साली स्पष्ट इशाराच दिलाय, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन भोवतालचं पाणी कमी होतं म्हणून. चाचणी होकारार्थी आणि पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणं असं काही असेल तर गोळी शोधत बसू नका, दवाखान्यात जा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

उंबरठा

इतका वेळ नुसती वाचत होते. वरचं सगळं बरोबर आहे आणि ते सगळं मी करायचे. वेळेवर गोळी, पूर्ण डोस, शेक. आधी पहिल्या दिवसापुरतं लागायचं. मग पाळीच्या आधीपासून. मग पाळी संपल्यावरही. शौचाला बसलं की आत सुरी फिरल्यासारखं. एका डॉक्टरांनी सांगितलं, तुमची सहनशक्ती कमी आहे. दुसऱ्यांनी त्याच गोळीची जास्त ताकदीची लिहून दिली. शेवटी निघालं एन्डोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं. सोनोग्राफी आधी दोनदा नॉर्मल आली होती, आणि त्या नॉर्मलवर सगळे खूश होते.

गोळीला नावं नाही ठेवायची मला. पण गोळी लागू पडत नाही ही तक्रार नसून माहिती आहे, हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

रानहळद

उंबरठा, हे लिहिलंत ते फार मोलाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या साधारण १० टक्के बायकांना एन्डोमेट्रिऑसिस असतं, आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे ते नाही असं होत नाही. नीट डोसात, नीट वेळेवर, तीनेक पाळ्या गोळी घेऊन फरक पडला नाही तर पुढे तपासायला हवं. पंचविशी-तिशीनंतर नव्यानेच दुखायला लागलं, दरवेळी वाढतंय, पाळी नसतानाही दुखतंय, संबंधाच्या वेळी दुखतंय, तासाला एक पॅड भिजतंय, तर तीन पाळ्याही थांबू नका. ताप, घाण वासाचा स्राव किंवा एका बाजूला अचानक उठलेली भयंकर कळ असेल तर त्याच दिवशी. आणि गोळ्यांमुळे काळी डांबरासारखी शौचाला झाली, उलटीत रक्त दिसलं, चेहरा सुजला, धाप लागली, तर तेव्हाच्या तेव्हा.

डॉक्टरकडे जाताना दुखण्याचं वर्णन नका नेऊ, वही न्या. तारीख, कितव्या दिवशी दुखलं, कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता, किती वेळाने उतरलं, कोणतं काम बुडलं. "खूप दुखतं" याकडे काणाडोळा होतो. "दोन वाजता ४००, चार वाजताही उभं राहता येईना" याकडे तितक्या सहज होत नाही.

टिंबटिंब

वहीचं पटलं. आजच सुरू करते, पाळी परवावर आली आहे. तारीख सहसा चुकत नाही माझी, तर आदल्या दिवशीपासूनच गोळी घेतली तर?

खलबत्ता

तारीख पक्की असेल आणि गरोदर असण्याची शक्यता नसेल तर काही डॉक्टर आदल्या दिवसापासून सुरू करायला सांगतात. पण पहिल्या खेपेला तू आधी पहिल्या कळेला पूर्ण डोस घेऊन बघ. बऱ्याच जणींचं तेवढ्यावर भागतं, आणि एक दिवसाचं औषध वाचतं.

मोरपंखी

उशिरा आले. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत माझ्या. त्यांच्याबरोबर आयब्युप्रोफेन घेतलं तर रक्ताच्या गाठी होतात असं कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून हात लावलेला नाही.

रानहळद

तुम्ही वाचलंत तो बहुतेक २०२३चा डेन्मार्कमधला अभ्यास, सुमारे २० लाख स्त्रियांच्या नोंदींवरचा. हार्मोनची गर्भनिरोधकं आणि हे कूळ एकत्र घेतलं जात असताना शिरेत गाठ होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, काही प्रकारच्या गोळ्यांत जास्त. पण मुळात तो धोका इतका लहान आहे की वाढूनही लहानच राहतो. निरोगी बाईने दोन दिवस घाबरून सोसत बसावं असं त्यातून निघत नाही. सिगारेट, घरात कुणाला गाठी झालेल्या, नुकतंच ऑपरेशन, लांबचा बसून केलेला प्रवास, यातलं काही असेल तर मात्र आधी विचारा. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर तातडीने जा.

एक विचारू? गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेऊनही इतकं दुखतंय का? त्या गोळ्यांनीच सहसा दुखणं बरंच कमी व्हायला हवं.

मोरपंखी

दुखतं. कमी झालं होतं, गेल्या काही महिन्यांत परत वाढलंय. मला वाटलं गोळीचा ब्रँड बदलला म्हणून असेल.

रानहळद

नवी आणि जुनी, दोन्ही पाकिटं बरोबर घेऊन दाखवायला जा. पुढच्या पाळीची वाट बघू नका.